पेठेतला पार पुन्हा बसता कसा करावा

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एखादा जुना पार असेल, त्याला खेटून दुचाक्या लागत असतील, कट्ट्याचे दगड निखळले असतील आणि "या जागेचं काहीतरी केलं पाहिजे" असं चारचौघांत बोललं जात असेल, तर हा मजकूर तुमच्यासाठी आहे. मी पुण्यात राहते, व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे. पेठांमधल्या अशा लहान सार्वजनिक जागांवर काम करते. यातलं निम्मं शिक्षण मला कॉलेजात मिळालंच नाही. ते एका नाट्यदिग्दर्शक मैत्रिणीकडून, वनस्पतीशास्त्राच्या एका निवृत्त सरांकडून आणि एका गवंडीकाकांकडून मिळालं.

अशा जागेचं सहसा काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. पाराला चकचकीत ग्रॅनाइट लागतो, भोवती स्टीलचा कठडा येतो, खोडाला निळ्या-हिरव्या दिव्यांच्या माळा गुंडाळल्या जातात आणि समोर भलामोठा नामफलक उभा राहतो. उद्घाटनाच्या दिवशी गर्दी होते. पुढे तिथे कुणी बसत नाही, कारण ग्रॅनाइट दुपारी भाजतो, पावसात त्यावरून पाय सरकतो आणि कठडा ओलांडून आत जायला साठीच्या माणसाला संकोच वाटतो. खर्च झाला, साहित्यही महागातलं होतं. पण ती जागा रोज वापरणाऱ्या एकाही माणसाला त्या कामात कुणी विचारलं नव्हतं. काम करायचं ते वेगवेगळ्या जाणकारांना एकत्र बसवून, आणि त्यातलं बरंचसं सिमेंट कालवायच्या आधी. ते कसं, हे सांगते.

आधी जागा निवडा

पार मी उदाहरणादाखल घेते आहे. जागा कुठलीही असू शकते: वाचनालयापुढचं अंगण, तालमीसमोरचा मोकळा तुकडा, बसथांब्यामागची भिंत, पुलाखालची पट्टी. गोव्यात घरांच्या दर्शनी भागात समोरासमोर बाकं असलेला बल्कांव असतो. तिथे बसलेला माणूस घरात असतो आणि रस्त्यावरही असतो. अशी सीमारेषेवरची जागा मिळाली तर ती आधी घ्या.

निवडताना मी तीन गोष्टी बघते. दुपारी चारला तिथे सावली आहे का? दोन वेगळ्या वाटांवरून माणसं तिथून जातात का? आणि एखादं दार, खिडकी किंवा दुकान त्या जागेकडे तोंड करून आहे का? तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या जागेवर कुणाचीच नजर नसते तिथे कितीही सुरेख बाक ठेवा, संध्याकाळनंतर बायका-मुली थांबत नाहीत. किराणा दुकान, इस्त्रीचं टेबल, तळमजल्यावरची स्वयंपाकघराची खिडकी यांच्यामुळे जागा राखली जाते.

जागेला आधीपासून काही इतिहास असेल तर तो हाताशी घ्या. पुण्याच्या पेठांत फडके हौद, बदामी हौद, काळा हौद ही नावं आजही पत्त्यांत येतात. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहरात पाणी आणलं गेलं आणि ते पेठापेठांतल्या हौदांमध्ये उतरत असे. पाणी भरायला आलेली माणसं तिथे थांबत, बोलत. त्या चौकांना आजही जी ओढ आहे, तिचं मूळ त्या पाण्यात आहे. अशा ठिकाणी नवं कारंजं उभारण्यापेक्षा पिण्याच्या पाण्याची चांगली सोय केली, तर जागेची जुनी सवय तुमच्या मदतीला येते.

मग बघत बसा

या टप्प्यावर घाई करू नका. एक मोठा कागद घ्या, जागेचा साधा आराखडा काढा आणि त्याच्या प्रती करून ठेवा. सकाळी साडेसहाला, अकराला, दुपारी चारला आणि रात्री आठला जाऊन बसा. कामाचा दिवस, रविवार आणि एखादी चतुर्थी किंवा बाजाराचा दिवस, असे वेगवेगळे दिवस धरा. दर वेळी नवी प्रत. जो माणूस जिथे आहे तिथे ठिपका. बायकांना एक रंग, पुरुषांना दुसरा, मुलांना तिसरा, म्हाताऱ्यांना चौथा. बसलेल्याला भरीव ठिपका, उभ्याला पोकळ. कोण कुणाशी बोलतंय तिथे रेघ.

न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या दशकात विल्यम व्हाइट यांनी इमारतींपुढच्या चौकांचं असंच निरीक्षण केलं, कॅमेरे लावून. त्यांच्या हाती आलेली एक गोष्ट ऐकायला अगदी साधी आहे: जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. दुसरी मला फार उपयोगी पडते. एखाद्या चौकात बायकांचं प्रमाण चांगलं असेल, तर ती जागा नीट चालली आहे असं समजावं. तुमच्या कागदावर रात्री आठच्या प्रतीत बायकांच्या रंगाचा एकही ठिपका नसेल, तर तुमचं पहिलं काम तिथून सुरू होतं. फरशीचा रंग ठरवायला पुढे भरपूर वेळ आहे.

ठिपक्यांबरोबर सावलीही मोजा. चैत्र-वैशाखातल्या एखाद्या दिवशी सकाळी नऊ, बारा, तीन आणि पाच वाजता झाडाच्या सावलीची कड खडूने जमिनीवर आखा. चार रंगांचे खडू वापरले तर संध्याकाळी चार वेडीवाकडी वर्तुळं एकमेकांत गुंतलेली दिसतात. सगळ्या वर्तुळांत येणारा जो तुकडा, तिथे वयस्कांची बैठक. तीन आणि पाचच्या सावल्यांत येणारा भाग शाळा सुटल्यावर येणाऱ्या मुलांचा. पिंपळ असेल तर एक लक्षात ठेवा, उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची पानगळ होते आणि मग तांबूस कोवळी पालवी येते. त्या मधल्या दिवसांत सावली विरळ होते. म्हणून एकाच झाडावर सगळी मदार ठेवू नका.

हे खडूचं काम मी मुद्दाम पोरांकडून करून घेते. रस्त्यावर मुलं रेघा ओढताना दिसली की मोठी माणसं थांबून विचारतात, आणि तुमची पहिली बैठक आमंत्रणाशिवाय तिथेच भरते.

कोणाकोणाला बोलवायचं

एकट्या वास्तुरचनाकाराने केलेली सार्वजनिक जागा मला आता लांबून ओळखता येते. ती फोटोत छान दिसते. तुमच्या गटात निदान ही माणसं हवीत: झाडांतलं कळणारा, नाटकातला, गवंडी, अक्षरं रंगवणारा, शाळेतली एखादी शिक्षिका आणि रोज ती जागा झाडणारी सफाई कर्मचारी. शेवटचं नाव वगळून केलेली कितीतरी कामं मी वाया गेलेली पाहिली आहेत. झाडू कुठे अडतो, पाणी कुठे तुंबतं, रात्री कोण काय टाकून जातं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आमच्या एका कामात झाडणाऱ्या मावशींनी आराखड्यावर बोट ठेवून विचारलं, "ताई, हा कोपरा काटकोनात ठेवलात तर इथला पाला मी काढू कशाने?" सगळे आतले कोपरे गोल झाले ते त्यांच्यामुळे.

वनस्पतीशास्त्राचे आमचे सर पाराजवळ आले की आधी वर बघतात, मग खाली. वर का? पिंपळ, वड, उंबर फळले की मैना, कोकीळ, वटवाघळं येणार आणि त्यांच्या आवडत्या फांद्यांखाली विष्ठेचा सडा पडणार. ज्या बाकावर कुणी बसत नाही, तो नेमका अशा फांदीखाली असतो. उपाय फांदी तोडण्याचा नाही, बाक दीड-दोन मीटर सरकवण्याचा आहे. खाली बघायचं ते खोडाच्या बुंध्याकडे. सिमेंट खोडापर्यंत आणून भिडवलेलं असेल तर झाडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळत नाही. २०१३मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. ते एक मीटर मी किमान मानते. वडा-पिंपळाला शक्य तेवढी जास्त जागा उघडी ठेवा. तिथे माती, पालापाचोळा किंवा वाळूवर सुट्या विटा.

नाटकवाल्या माणसाचं काय काम, असं मला नेहमी विचारलं जातं. माझी मैत्रीण जागेत शिरली की चारी बाजूंनी चालत येऊन बघते. पाठ कुठे टेकते? येणारा कुठून पहिल्यांदा दिसतो? कुठे उभं राहून साध्या आवाजात बोललं तर बसलेल्यांपर्यंत पोचतं? पाराच्या एका बाजूला भिंत असेल तर तिच्याकडे पाठ करून बोलायचं, आवाज पुढे जातो. भिंत रस्त्याच्या बाजूला नसेल तर वाहनांचा आवाज सगळं गिळतो. आणखी एक गोष्ट तिनेच शिकवली. प्रत्येक बैठकीतून कुणाच्याही समोरून न जाता उठून निघून जाता आलं पाहिजे. बायका जिथे अडकल्यासारखं वाटतं तिथे बसत नाहीत. म्हणून बाकांची तीन बाजूंनी बंद चौकट मी करत नाही, दोन वाटा मोकळ्या ठेवते.

बैठक घ्यायची तर सभागृहात आणि पडद्यावर चित्रं दाखवून नको. तिथे चार बोलके पुरुष बोलतात आणि बाकीचे चहा घेऊन जातात. त्याऐवजी संध्याकाळी साडेसातला बायकांबरोबर त्या जागेतून एक फेरी मारा. "काय हवं?" असं विचारलं की बाक, दिवे, कारंजं अशी ठरलेली उत्तरं येतात. "इथे शेवटचं कुणासाठी थांबला होतात?", "कुठल्या कोपऱ्यावरून जाताना पाऊल उचलता?" असे प्रश्न विचारा. मुलांना कागद-पेन्सिल देऊन घरापासून शाळेपर्यंतची वाट काढायला सांगा. कुत्री कुठे असतात, कुठल्या आजी खाऊ देतात, कुठली फरशी हलते, हे सगळं त्या कागदांवर उतरतं.

जे आधीपासून त्या जागेवर आहेत त्यांना हलवू नका. फुलवाल्या मावशी, चांभारकाका, इस्त्रीवाले मामा यांच्यामुळेच ती जागा आजवर जिवंत राहिली. हे मी मनापासून सांगते, कारण स्वच्छ करण्याच्या नादात सगळ्यात आधी यांनाच उठवलं जातं. पथविक्रेत्यांसाठी २०१४चा केंद्रीय कायदा आहे, त्यानुसार शहरात पथविक्रेता समिती असते. तिच्याकडे जाऊन त्यांची जागा आराखड्यात रीतसर दाखवा. इस्त्रीच्या टेबलाला सावली आणि फुलांच्या टोपलीला पाण्याचा नळ दिला, तर तुमच्या जागेला दिवसभराचा राखणदार मिळतो.

कायमचं बांधण्याआधी खेळून बघा

मंडपवाल्याकडून शनिवार-रविवारसाठी वीस-पंचवीस प्लास्टिकच्या खुर्च्या आणा. दुचाक्या लागतात ती पट्टी चुन्याने आखा, कडेला कुंड्या ठेवा आणि खुर्च्या मध्ये ढीग करून सोडून द्या. मांडू नका. लोक त्या हव्या तिथे ओढून नेतील. संध्याकाळी आणि रात्री, त्या जिथे राहिल्या असतील तसा वरून फोटो काढा. शेजारच्या इमारतीची गच्ची त्यासाठी कामी येते. तो फोटो म्हणजे तुमचा आराखडा.

न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्ये १९९२ साली बाग पुन्हा उघडताना हलवता येणाऱ्या सुट्या खुर्च्या ठेवल्या, त्या आजही आहेत. त्याच शहरात २००९मध्ये टाइम्स स्क्वेअरमधला रस्ता वाहनांना बंद केला, तेव्हा पहिल्या दिवसांत तिथे साध्या घडीच्या खुर्च्याच मांडल्या होत्या. पक्कं बांधकाम नंतर आलं. पुण्यातही अलीकडच्या वर्षांत लक्ष्मी रस्ता एखाद्या दिवसापुरता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवला गेला आहे. असा एक दिवस पाहिलेला दुकानदार वेगळ्या भाषेत बोलतो. गिऱ्हाईक घटेल ही त्याची भीती खरी असते आणि ती आकडेवारीने जात नाही.

चाचणीसाठी क्षेत्रीय कार्यालयाला आणि वाहतूक पोलिसांना आधी पत्र द्या. पत्रावर शेजारच्या दुकानदारांच्या सह्या घ्या. दुचाक्या त्या दोन दिवसांत कुठे लावायच्या ती जागा पत्रातच लिहा, नाहीतर सगळा प्रयोग दुचाक्यांच्या भांडणात संपतो.

मापं आणि साहित्य

बैठकीची उंची चाळीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर. गुडघे दुखणाऱ्यांसाठी एखादा भाग पन्नास सेंटिमीटर उंच करा, त्याला पाठ आणि हात द्या. हाताला रेटा मिळाला की उठता येतं. पाराचा कट्टा दोन्ही बाजूंनी बसण्याचा असेल तर रुंदी नव्वद सेंटिमीटर ठेवा, म्हणजे पाठीला पाठ लावून अनोळखी माणसंही बसू शकतात. एका बाजूला तो मुलांनी चढावा इतका, तीस सेंटिमीटर, आणि दुसऱ्या बाजूला उंच, असा उतरता ठेवला तर एकाच कट्ट्यावर सगळ्या वयांची सोय होते. बाजूने चालायला १.८ मीटरची सलग मोकळी वाट हवी, भारतीय रस्ते परिषदेचं पदपथासाठी तेवढं किमान माप आहे. त्या वाटेत खांब, कुंडी, फलक काही नको. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बाराला एक, म्हणजे पायरीची उंची पंधरा सेंटिमीटर असेल तर उताराची लांबी १.८ मीटर.

दगड आपला काळाच घ्या. छिन्नीने खडबडीत केलेला, गुळगुळीत केलेला नको. उन्हात तो तापतो, म्हणून सावलीच्या वर्तुळांबाहेर दगडी बैठक करू नका, तिथे सागाच्या किंवा बाभळीच्या पट्ट्या लावा. पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवा, पाणी साचत नाही. गुळगुळीत कडाप्पा आणि शेवाळलेली शहाबादी पावसाळ्यात घात करतात. जमिनीला मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या आणि तो झाडाच्या उघड्या मातीकडे वळवा. गटाराकडे नको.

गवंडीकाकांचा एक नियम मी कायम पाळते. पाराचा दगड बसवताना ते खोडाच्या बाजूच्या सांध्यात सिमेंट भरत नाहीत, सांधा कोरडा ठेवतात. मूळ जाड होतं, दगडाला ढकलतं, दगड थोडा सरकतो आणि परत बसवता येतो. सिमेंटने बांधलेला कट्टा मात्र फुटतो, आणि मग दोष झाडाला दिला जातो. नवीन दगड बसवायच्या दिवशी काका ओल्या सुतळीने कड आखतात, एका टोकाला बसतात आणि एक डोळा मिटून सगळी ओळ बघतात. तेवढं झाल्याशिवाय दुसरा थर नाही.

दिव्यांबद्दल मी आग्रही आहे. उंच खांबावरचा पांढरा झोत जागेला पोलिस चौकीची कळा आणतो आणि समोरच्या घरातल्यांची झोप घालवतो. तीन-साडेतीन मीटर उंचीवर, पिवळसर, खाली झाकलेला दिवा लावा. समोरच्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे, ही कसोटी. झाडावर दिवे नकोत, पक्ष्यांना रात्र हवी असते.

पाणपोईसाठी माठ उत्तम. पण तो रोज घासणारं माणूस आधी ठरवा, नसेल तर नळ करा. एक तोटी प्रौढांच्या उंचीला, एक मुलांच्या. सांडलेलं पाणी आळ्यात गेलं पाहिजे.

भिंत, अक्षरं, किल्ला

जुन्या वाड्याच्या विटांच्या भिंतीवर चित्र काढायचं असेल तर प्लास्टिक रंग लावू नका. त्या भिंती ओल शोषतात आणि सोडतात. वरून बंद केल्या की आतून विटांचे पापुद्रे सुटतात. चुन्याचा हात द्या, त्यात खनिज रंग मिसळून काम करा. रंग फिका पडेल, दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढावा लागेल. हे मला चांगलंच वाटतं, कारण मग दर वेळी नवी पोरं हातात ब्रश घेतात. विषय तिथलाच निवडा. मुंबईत २०१७मध्ये ससून डॉकवर कलाप्रकल्प झाला, त्यात तिथल्या कोळी बांधवांचे चेहरे मोठ्या आकारात भिंतींवर आले. रोज मासळी वाहणारी माणसं स्वतःकडे मान वर करून बघत होती. पेठेत ते चेहरे तालमीतल्या वस्तादांचे, तांबट आळीतल्या कारागिरांचे, पाळणाघर चालवणाऱ्या काकूंचे असू शकतात. विचारून, परवानगी घेऊन.

आपल्याकडच्या चौकातला वार्ताफलक ही मला फार मोलाची वस्तू वाटते. लोखंडी चौकट, काळी पाटी, खडूतली अक्षरं. पाणी कधी येणार, कुणाचं शिबिर आहे, कोण गेलं, कुणाची मुलगी दहावीत पहिली आली. छापील फलकापुढे माणूस क्षणभर थांबतो, हाताने लिहिलेल्या पाटीपुढे वाचून होईपर्यंत. असा फलक असेल तर तो नीट करा, नसेल तर बसवा, आणि लिहिणाऱ्या माणसाचं वळण चांगलं असू द्या. अक्षरं रंगवणारे कलाकार आता कमी झाले आहेत. त्यांच्याकडून पोरांना एक सुट्टीभर शिकवून घ्या आणि त्याचे पैसे त्यांना द्या.

मुलांसाठी खेळणी विकत आणण्याआधी आम्स्टरडॅमकडे बघा. १९४७पासून पुढे तीसेक वर्षं आल्डो व्हान आइक या वास्तुरचनाकाराने तिथल्या ओसाड, उरलेल्या तुकड्यांवर शेकडो क्रीडांगणं केली. वाळूचा खड्डा, त्याला रुंद कड, काही लोखंडी दांड्या, काही दगडी ठोकळे, बस. हत्ती-घोड्याच्या आकाराचं काही नाही. ठोकळा काय आहे ते मुलं ठरवतात आणि त्या रुंद कडेवर आया बसतात.

आपल्याकडे याहून सोपं साधन आहे, दिवाळीचा किल्ला. पाराजवळ दोन बाय दोन मीटरचा मातीचा चौकोन कायम मोकळा ठेवा. दिवाळीत तिथे किल्ला होईल. इतिहासाच्या बाईंना बोलवा, त्या राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या कशा पसरतात ते सांगतील. गवंडीकाका उतार कसा टिकवायचा ते दाखवतील, सर अळीव कधी पेरायचे ते. मोठ्यांपैकी कुणीही स्वतः माती लावायची नाही, एवढा एकच नियम. उरलेलं वर्ष तो चौकोन लंगडीला, गोट्यांना आणि पावसात चिखलाला.

परवानगी आणि पैसा

आधी जागा कुणाची हे कागदावर बघा. शहरात नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका मिळते. पार बहुधा पालिकेचा, देवस्थानाचा किंवा एखाद्या वाड्याचा निघतो, आणि प्रत्येक वेळी दार वेगळं असतं. फांदी छाटायची असेल तरी १९७५च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती तोंडी घेऊ नका.

पुण्यात २००६पासून नागरिकांना पालिकेच्या अर्थसंकल्पात आपल्या भागातली लहान कामं सुचवता येतात. अर्ज साध्या भाषेत करावा, सोबत सावलीचा आराखडा, ठिपक्यांचा कागद आणि खुर्च्यांचा फोटो जोडावा. अभियंता तो अर्ज बाजूला ठेवत नाही, कारण त्याचं मोजणीचं अर्धं काम झालेलं असतं. पालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याला शत्रू समजू नका. त्याच्या दरपत्रकात घडीव दगडाची, कोरड्या सांध्याची बाब बसत नसते, ही त्याची खरी अडचण आहे. गवंडीकाकांना घेऊन त्याच्याकडे जा, दोघं मिळून तोडगा काढतात.

लोकांनी धरून ठेवलेल्या जागेचं उदाहरण म्हणून मी मुंबईतल्या माटुंग्याच्या पुलाखालच्या बागेचं नाव घेते. पूल झाल्यावर खालच्या पट्टीत कचरा आणि वाहनं येऊ नयेत म्हणून रहिवाशांनी स्वखर्चाने पहारा बसवला, पालिकेकडे पाठपुरावा केला आणि २०१६ साली तिथे बाग खुली झाली. तिच्यातली चालण्याची वळणदार वाट नर्मदेच्या प्रवाहावर बेतलेली आहे. भूगोल, चालण्याचा व्यायाम आणि पुलाचे खांब एकाच आराखड्यात आले. पण आराखड्याच्या आधी पहारा आला, हे विसरू नका.

चालवायचं कसं

जागा झाली की महिन्याचं वेळापत्रक वार्ताफलकावर लिहा, पण भरगच्च नको. एक पुस्तकांची अदलाबदल, एक बुद्धिबळाची संध्याकाळ, एखादं भजन, शाळेतल्या मुलांचं एक लहान नाटक. बाकीचे दिवस मोकळे. ध्वनिक्षेपक शक्यतो नको, आणि रात्री दहानंतर तर कायद्यानेच नाही. वटपौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी खोडाला गुंडाळलेले दोरे अलगद सोडवून घ्या, आणि निरांजनं खोडापासून लांब ठेवण्यासाठी एक दगडी कोनाडा करून द्या. पूजेला येणाऱ्या काकूंना आधी सांगितलं तर त्याच पुढाकार घेतात.

किरकोळ दुरुस्तीसाठी एक वही आणि एक डबा. वहीत काय मोडलं, कधी मोडलं, कुणी नीट केलं. मोडकी पट्टी आठवड्याच्या आत बदला. तुटलेली वस्तू पंधरा दिवस तशीच राहिली की तिच्या शेजारी कचरा पडायला लागतो.

वर्षभराने तोच मोठा कागद पुन्हा घ्या, त्याच महिन्यात, त्याच चार वेळांना, तेच रंग. जुनी आणि नवी प्रत शेजारी शेजारी ठेवून आधी रात्री आठची बघा. बायकांचे ठिपके वाढले नसतील तर दिव्याची उंची, बाकांची दिशा आणि समोरच्या दुकानाची बंद होण्याची वेळ या तीन गोष्टी तपासा, बहुतेक वेळा कारण त्यातच सापडतं. दुपारचे म्हाताऱ्यांचे ठिपके सरकलेले दिसले तर त्यांनी निवडलेल्या नव्या जागी बाक हलवा. म्हणूनच बाक जमिनीत गाडू नका, बोल्टने बसवा.